गिऱ्हाइकाची खुर्ची

रात्री साडेनऊला शटर ओढून घरी येतो, मोजे काढतो,
तर मोजे निघतात आणि त्यांचं इलॅस्टिक पायावरच राहतं,
घोट्याच्या वर, गोल, लालसर,
कुणी पाय मोजून खूण करून ठेवल्यासारखं.

प्रणिता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
नडगीवर अंगठा दाबते, घट्ट,
मग उचलून घड्याळाकडे बघत बसते.
भिजवलेल्या कणकेत पडतो तसा खळगा.
"अकरा सेकंद," म्हणते, "काल चौदा होते."
या वयात माझ्या पायांचं प्रगतिपुस्तक निघालंय.

सत्तावीस वर्षं दत्तवाडीत दुकान.
किती डोकी झाली मोजलं नाही,
पण चालणं वेगळं आणि एका जागी उभं राहणं वेगळं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ती सांगते: पोटरी म्हणजे पंप, पप्पा.
पाय हलला की चालतो.
तुम्ही नुसते उभे, पंप बंद, पाणी तळमजल्याला साठतं.
(आमच्या बिल्डिंगची हीच तक्रार आहे.
तिसऱ्या मजल्याला विचारा.)

तर आता जेवणाआधी वीस मिनिटं
मी जमिनीवर उताणा, पाय भिंतीवर.
पिस्ता रंगावर टाचांचे दोन काळे डाग पडलेत.
मोहोळकर वर्गणीला आले, डाग बघून म्हणाले,
भिंतीवर चालता काय हो रात्रीचे?

लोणचं बंद. पापड बंद.
चार वाजताचं फरसाण बंद, याचं दुःख वेगळं लिहावं लागेल.
पाणी मात्र प्या म्हणते. मी उगाच तोडलं होतं,
सुजलेल्यात अजून कशाला भर, म्हणून.
गार पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं पाय.
मी खडेमीठ टाकतो. ती म्हणते, टाका,
बरं वाटतं तुम्हाला, सूज काही मिठानं उतरत नाही.
नर्स होणार ती. खोटं बोलायला शिकवतच नाहीत बहुतेक.

आणि पायाने बाराखडी.
पडल्या पडल्या अंगठ्याने हवेत क का कि की,
घोटा पूर्ण फिरला पाहिजे.
'ळ' ला डावा घोटा कटकन वाजतो.
'क्ष' मला हातानेही नीट येत नाही.

एक गोष्ट मात्र ती हसत सांगत नाही.
एकच पाय सुजला, गरम लागला, दुखला,
किंवा जिन्यात दम लागला,
तर बादली नाही, भिंत नाही, सरळ रिक्षा.
आणि बीपीच्या नव्या गोळीनंतर सूज वाढली असेल
तर डॉक्टरांना विचारायचं,
आपल्या मनाने गोळी सोडायची नाही.
मी मान हलवतो. ती परत सांगते.

गुरुवारी दुपारी फोन: "बसलात का थोडं?"
म्हटलं, कुठे बसू?
बाकडं थांबलेल्यांचं,
खुर्ची ज्याचे केस आहेत त्याची.
पलीकडे शांत.
मग म्हणाली, "खुर्ची घेतली कुणी?"

कर्ज काढून मीच घेतली होती. गोल फिरते, खालीवर होते.
फोन ठेवला. शटर अर्धं खाली घेतलं.
बसलो.
इथून छत दिसतं, ओल आलेली आहे, कुणी बोललं नाही कधी.
डावा हात मऊ, उजव्याचा रेक्झिन फाटलेला,
मीच दाभणाने शिवला होता, टाका टोचतो.
पाय उचलून समोर ठेवले,
तुरटी आणि पावडरच्या डब्याच्या मधे.
आरशात तळवे आले.
पांढुरके, भेगांत बारीक केस अडकलेले, कुणाकुणाचे.
लोकांना मानेमागे आरसा धरून विचारत आलो, बरोबर आहे ना?
हे दोघे कधी दाखवले नव्हते मला कुणी.

अंगठ्याने क काढला. का काढला.

शटरखालून एक पोरगा वाकला:
"काका, चालू आहे का?"

"पाच मिनिटं थांब," म्हटलं.
"खुर्चीत गिऱ्हाईक आहे."